दुसऱ्याने उचललेला हात

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, 'फिजिओथेरपीच्या तुमच्या अनुभवांवर काहीतरी प्रेरणादायी लिहा.' मी फोन करून नाही म्हणून सांगितलं. या 'प्रेरणादायी'ने माझ्या एका पेशंटचे तीन महिने खाल्ले आहेत. संपादक भले गृहस्थ. म्हणाले, "मग तेच लिहा." तेव्हा हे लिहिते आहे. आवाज चढलेला वाटला तर तो चढलेलाच आहे असं समजावं.

१९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच सुमारास मी भंडाऱ्यात काम सुरू केलं. फिजिओथेरपिस्ट हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडात बसत नसे. ऑटोवाल्याला पत्ता सांगताना लोक 'मालीशवाल्या मॅडम' म्हणत. पहिली काही वर्षं मी प्रत्येकाला दुरुस्त करायची, नंतर नाद सोडला. आता वाटतं, सोडायला नको होता. कारण मालीश करवून घ्यायची असते आणि व्यायाम स्वतः करायचा असतो. एवढा एकच फरक आहे, आणि माझा पूर्ण धंदा त्याच्यावर उभा आहे.

लकवा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त मिळेनासं होतं, किंवा आत रक्तवाहिनी फुटते. मग अंगाची एक बाजू जाते. लोकांना वाटतं हात मेला. हाताची हाडं, स्नायू सगळं जागच्या जागी असतं, फक्त वरून हुकूम पोचत नाही. जुना रस्ता बंद पडलेला असतो. नवा रस्ता मेंदूलाच पाडावा लागतो. धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रोज माणूस चालला की पायवाट पडते, तसं पेशंटने स्वतः हात हलवायचा प्रयत्न शेकडो वेळा केला की ही वाट पडते. हात हलला नाही तरी प्रयत्न मोजला जातो. दुसऱ्याने हात उचलून दिला तर सांधा मोकळा राहतो, तेही गरजेचं आहे, पण तेवढ्याने वाट पडत नाही. आणि पहिल्या काही महिन्यांत हे काम जितकं जोरात होतं तितकं पुढे होत नाही. म्हणून पहिले महिने वाया गेले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

हे महिने वाया घालवण्यात आमचा मुलूख हुशार आहे. कुणी कबुतराचं रक्त चोळतो, कुणी झाडपाल्याचा लेप बांधून महिनाभर हात झाकून ठेवतो. त्यांच्यावर मी आयुष्यभर ओरडले. पण या सगळ्यांपेक्षा मोठं नुकसान करणारी गोष्ट मला निवृत्तीच्या तोंडावर कळली. ती म्हणजे सेवा.

घरातला कर्ता माणूस लकव्याने पडला की आमच्याकडे त्याला खाटेवर बसवून पूजतात. भात कालवून भरवतात. पाण्याचा लोटा तोंडाला लावतात. त्याने चांगला हातही उचलला तर चौघं धावतात. गावात नाव होतं, 'सून चांगली, लेक चांगला.' आणि बाईला लकवा मारला तर? साकोलीजवळच्या रुखमाबाईला डाव्या बाजूचा लकवा झाला. आठव्या दिवशी ती एका हाताने तांदूळ धूत होती, दुसरा लुळा हात पातेल्याच्या काठावर टेकवून. मी तिच्या नवऱ्यावर भडकले तर तो म्हणाला, "करते ते, मॅडम. कोन करन दुसरं?" आणि गंमत बघा, रुखमाबाईचा हात परत आला! तिची कुणी सेवा केली नाही म्हणून आला. या गोष्टीवर हसावं की कुणाला तरी बडवावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

करोनाच्या टाळेबंदीत पेशंट माझ्याकडे येईनासे झाले. त्यानंतर मोठ्या शहरातल्या एका संस्थेने घरबसल्या व्यायामाचा प्रकल्प आणला. पेशंटच्या घरी एक फोन आणि फोन उभा करायचं स्टँड. फोनमध्ये ॲप. मी भंडाऱ्यात संगणकासमोर, पेशंट आपापल्या गावी. कल्पना खरोखर चांगली होती, हे मी आजही म्हणते. पवनीहून लुळा माणूस बसमध्ये चढवून भंडाऱ्याला आणणं काय असतं, ते ज्याने आणलं त्यालाच विचारा.

ॲपचे दोन भाग होते. पहिला हाताचा. पडद्यावर आडवी रेघ दिसायची. हात तिच्या वर गेला की फोनमधली बाई 'शाब्बास' म्हणायची आणि एक मोजला जायचा. असे तीस. दुसरा डोक्याचा. लकव्यात लक्ष, आठवण, क्रम लावणं हेही बिघडतं, म्हणून चित्रं लक्षात ठेवा, वेगळं काय ते ओळखा, सोपे हिशेब करा, असले खेळ. रोजचा दिवस पूर्ण झाला की माझ्या संगणकावर हिरवा ठिपका, थोडाफार झाला की पिवळा, नाही झाला की लाल.

लोकांनी तऱ्हा केल्याच. भंडाऱ्यातच राहणाऱ्या एका निवृत्त गणिताच्या मास्तरांनी तिसऱ्या दिवशी मला फोन केला. जीभ जड झालेली, पण राग स्पष्ट. "मॅडम, तीस वर्षं मी पोट्टे घडवले. अन् हे बाई मले केळं दाखवून इचारते, हे काय आहे? मी नाई सांगत!" त्यांनी खरंच सांगितलं नाही. बाईच्या प्रत्येक प्रश्नाला ते उलट पाढे म्हणत, हाताच्या रेघेकडे बघतही नसत. ॲपने त्यांना रोज लाल ठरवलं. पाढे म्हणता म्हणता मास्तरांची जीभ सुटली, ठिपका नाव वगळलं जाईपर्यंत लालच राहिला. यातून मी काहीतरी शिकायला हवं होतं.

त्याच सुमारास पवनीचे देवाजीभाऊ माझ्या यादीत आले. साठी ओलांडलेले विणकर. घरात दोन माग, एक त्यांचा, एक मुलाचा, रमेशचा. बायको आधीच गेलेली. घर बघायची सून, दुर्गा. देवाजीभाऊंची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. एखादा शब्द कसाबसा निघायचा. विणकराचा उजवा हात म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. मी पहिल्याच व्हिडिओ कॉलवर विचारलं, "काय व्हायला पाहिजे, देवाजीभाऊ?" त्यांनी डाव्या हाताने मागाकडे बोट दाखवलं. मागावर अर्धवट विणलेलं कापड तसंच होतं, वर चादर टाकलेली.

आणि पहिल्या दिवसापासून हिरवा ठिपका. दुसऱ्या दिवशी हिरवा. महिनाभर एकही खाडा नाही. हाताचे तीस पैकी तीस. डोक्याचे दहा पैकी दहा. चौथी शिकलेला माणूस चित्रांचे खेळ माझ्यापेक्षा लवकर सोडवत होता. मला संशय यायला हवा होता, पण आला अभिमान. दर बुधवारी मी व्हिडिओ कॉल करायची. देवाजीभाऊ धुतलेला सदरा घालून, उशांना टेकून बसलेले, छातीपासून खाली शाल. दुर्गा कधी पडद्यावर दिसत नसे. मागून आवाज यायचा, "हाव जी मॅडम, रोज करून राहिले मामाजी." मला वाटायचं, सासऱ्याची मर्यादा ठेवते, समोर येत नाही. मला तिचं कौतुकच वाटायचं.

नव्वद दिवस पूर्ण झाले तेव्हा संस्थेकडून देवाजीभाऊंच्या नावाचं प्रशस्तिपत्र आलं. प्रकल्पाचा समन्वयक, शहरातला गोड बोलणारा तरुण, ऑनलाइन बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाला, "भंडाऱ्याच्या मॅडमचा डेटा बघा. किती सुंदर!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पदर सावरून हसले. तो क्षण आठवला की आजही कानशिलं तापतात.

मग यशोगाथेचा व्हिडिओ करायचं ठरलं. समन्वयक कॅमेरावाल्याला घेऊन आला आणि आम्ही पवनीला गेलो. दुर्गाने अंगण सारवून ठेवलं होतं. प्रशस्तिपत्र चौकटीत घालून देवांच्या फोटोंशेजारी लावलेलं. कॅमेरा लागला. समन्वयक म्हणाला, "काका, उजव्या हाताने कप उचला आणि माझ्याकडे बघून हसा."

देवाजीभाऊ हसले. हात शालीखालीच राहिला.

मी शाल बाजूला केली. मूठ घट्ट मिटलेली होती. बोटं एकेक करून सोडवावी लागली. आत तळव्याची कातडी पांढरी पडून सोलवटलेली, नखांच्या खुणा रुतलेल्या, कोंदट वास. तीन महिने कुणी हात धुतला असेल, पण मूठ उघडली नव्हती. आणि मी तळवा बघत असतानाच मागून एक हात आला, पदराआडून, सवयीने. देवाजीभाऊंच्या कोपराखाली शिरला आणि तो हात सरळ वर गेला. जिथे रोज रेघ असायची तिथपर्यंत. एकदा, दोनदा, तीनदा. दुर्गाला वाटलं, कॅमेरा सुरू आहे, म्हणजे व्यायाम सुरू झाला.

मग समन्वयक जे बोलला ते मी शब्दशः लिहिते. "ठीक आहे, मॅडम, असंच घेऊ. वहिनी, तुम्ही थोडं मागे सरका, तेवढा हात फक्त दिसू देऊ नका."

मी कॅमेऱ्याच्या भिंगावर हात ठेवला. काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. कॅमेरावाला चांगला होता बिचारा, मुकाट्याने वायर गुंडाळायला लागला. ते दोघं गाडीत जाऊन बसले आणि मग उरलेला सगळा राग मी काढला दुर्गावर. ती माझी चूक. आजही सलते.

"तीन महिने तू मला फसवलंस?" मी ओरडले. "खेळ कोण खेळायचं?"

"मीच, मॅडम." ती घाबरली नव्हती. तिला काही कळतच नव्हतं. "मामाजीले कंटाळा येई. त्या बाईनं 'चुकलं' म्हटलं का डोळ्यात पाणी येई त्याईच्या. मी काहून चुकू देऊ? अन् हात उचलाले गेले का घाम फुटे त्याईले. मी बसून पाहू का? शेजारपाजारचे काय म्हणतीन, सून बसली अन् सासरा मरमर करून राहिला? मॅडम, आमी त्याईले पान्याचा लोटा उचलू नाई दिला आजलग!"

हे शेवटचं वाक्य ती अभिमानाने म्हणाली.

"अगं, मग माझ्याशी खोटं..."

"खोटं कायचं? तुमच्या मोबाईलात रोज हिरवं ये. शाब्बास म्हणे ते बाई. मले वाटे, हिरवं आलं म्हणजे मामाजी बरे होऊन राहिले."

मी पायरीवर बसले. हिरवं म्हणजे बरं नव्हे, हे तिला कुणी सांगितलं होतं? मी? मी दर बुधवारी विचारत होते, "तीस झाले का? खेळ झाला का?" एकदाही म्हटलं नाही की शाल काढा, मूठ दाखवा. एवढ्या वर्षांच्या अनुभवाची बाई मी, हाताऐवजी ठिपके बघत बसले. दुर्गाने जे केलं ते माझ्या मुलखातली कुठलीही चांगली सून करेल. आणि माझ्या मुलखाला ओळखत असून मला ते सुचलं नाही. रुखमाबाई बघून झाल्यावरही नाही! समन्वयकावर राग आहेच, पण मी त्याला एकट्यालाच दोषी धरत नाही.

देवाजीभाऊ आमच्याकडे बघत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि हात जोडले. म्हटलं, "देवाजीभाऊ, तुमचे तीन महिने मी घालवले. आता पहिल्यापासून करू. पण तुम्ही स्वतः. दुर्गा हात लावणार नाही." त्यांनी डोळे मिटले. हो की नाही, ते कळलं नाही.

पुढच्या आठवड्यापासून घरात भांडणं सुरू झाली. लोटा डाव्या हाताशी ठेवायचा, उजवा त्याच्या बुडाला लावायचा, सांडलं तर सांडलं. सांडायचंच. शेजारीण येऊन बघून जायची. रमेशने मला फोन केला, "मॅडम, बापाले राबवून राहिल्या का तुमी? आमाले लाज आहे का नाई?" मी म्हटलं, "लाज मला आहे. तू माग चालव, मला माझं काम करू दे." एकदा देवाजीभाऊंनी डाव्या हाताने स्टँडसकट फोन भिरकावला. मला बरं वाटलं. तीन महिन्यांत त्या माणसाने पहिल्यांदा काही ठरवून केलं होतं.

डोक्याच्या खेळात त्यांचे खरे गुण आले दहात दोन, आणि पाचाखालचे गुण ॲप धरतच नसे. तेव्हा मी तो खेळ बाजूला ठेवला. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की जुन्या ताण्याच्या प्रत्येक तारेला नवी तार जोडतात. बोटाला राख लावायची, दोन टोकं धरायची, पीळ द्यायचा, पुढची तार घ्यायची. शेकडो तारा, एकही सुटता कामा नये. लक्ष, क्रम, मोजणी, बोटं, सगळं त्यात आहे. दुर्गाने पाटावर दोन्हीकडे तारांची टोकं बांधून दिली आणि वाटीत राख ठेवली. पहिल्या दिवशी देवाजीभाऊ नुसते राखेकडे बघत बसले. मग डावा हात गेला. उजवा खाली टेकवलेला, तार त्याच्या अंगठ्याखाली दाबलेली. अर्ध्या तासात एक तार जोडली. दुसरी चुकली. त्यांनी ती स्वतःच सोडली आणि परत जोडायला घेतली. चूक स्वतःला कळणं म्हणजे आमच्या धंद्यात काय असतं, ते मी पामर काय सांगू! पण राखेची वाटी ॲपला कळत नव्हती. तिच्यासाठी ठिपका नव्हता.

आलेख पडला. हिरव्याचा लाल झाला. समन्वयकाचा फोन आला. "मॅडम, तीन आठवडे लाल राहिलं की 'प्रतिसाद नाही' म्हणून नाव आपोआप वगळलं जातं. फोन परत घ्यावा लागेल. आधी एवढं छान चाललं होतं. जुन्या पद्धतीत काय अडचण होती?"

अडचण काय होती! मी फोन ठेवला, नाहीतर माझंच रक्त डोक्यात चढलं असतं. पण नाव जाणं परवडणारं नव्हतं. रमेशकडचा फोन साधा, बटणांचा. ॲपवाला फोन गेला तर बुधवारचा कॉल गेला. मी पडद्यावरून गेले आणि कुणी बघणारं नसलं तर घर पुन्हा सेवेला लागणार, मूठ पुन्हा मिटणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. एखाद्या दिवशी हाताचा एक जरी मोजला गेला असता तरी ठिपका पिवळा झाला असता आणि नाव राहिलं असतं. फक्त एक.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणी आस लावून वाचायला नको. नाव वगळलं गेलं. फोन परत गेला. मी माझा जुना फोन दुर्गाला नेऊन दिला आणि बुधवार चालू ठेवला, अजूनही आहे. देवाजीभाऊ पुन्हा मागावर बसले नाहीत, बसणारही नाहीत. ते दोन्ही मागांचे ताणे जोडून देतात, हळूहळू, रमेशची चिडचिड होईल इतक्या हळू. लोटा स्वतः उचलतात. ते तीन महिने मिळाले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न मी त्यांच्या घरात कधी काढत नाही. चौकटीतलं प्रशस्तिपत्र अजून देवांशेजारी आहे. दुर्गाला ते काढवत नाही आणि मला सांगवत नाही.

पण तिसऱ्या आठवड्याचा शेवटचा दिवस मला लिहायचाच आहे. दुपारची वेळ. मी संगणकासमोर, ते पडद्यावर. यावेळी शाल नव्हती आणि दुर्गा समोर, मला दिसेल अशी बसली होती. रेघ आली. फोनमधली बाई म्हणाली, हात वर करा. देवाजीभाऊंचा खांदा हलला. हात मांडीवरून चार बोटं उचलला गेला, थरथरला, खाली आला. पुन्हा. पुन्हा. रेघ त्याच्या कितीतरी वर. वेळ सरत होता. बाई म्हणत होती, पुन्हा प्रयत्न करा.

दुर्गा माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मॅडम, एकदा लावू का हात? एकच डाव. नाव राहीन त्याईचं."

मी खोटं लिहिणार नाही. मी मान हलवली. हो म्हणाले. एवढं सगळं बोलून, ओरडून, हात जोडून, मी हो म्हणाले.

दुर्गाचा हात पुढे आला आणि त्यांच्या कोपराखाली गेला. देवाजीभाऊंनी खाली त्या हाताकडे बघितलं. मग उजवं मनगट वाकडंतिकडं सरकलं आणि त्याच्या मागच्या बाजूने त्यांनी सुनेचा हात ढकलला. नीट ढकलला गेला नाही, घसरला. त्यांनी परत ढकलला. दुर्गाचा हात बाजूला झाला.

"नाई," देवाजीभाऊ म्हणाले. शब्द स्पष्ट होता.

दुर्गा स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. मग एकदम फोनवर वाकली, तिचा चेहरा पूर्ण पडदाभर झाला, पदर खांद्यावर पडलेला.

"मॅडम! पाह्यलं का तुमी? ढकललं त्याईनं मले! उजव्यानं!"

वेळ संपला. पडद्याच्या कोपऱ्यात त्या दिवसाची मोजणी आली, शून्य.